ओळंब्याला ओढणारा डोंगर

अचलपूरच्या दक्षिणेला, पूर्णेच्या सपाट खोऱ्यात, एक मीटर दोरीचा ओळंबा सोडला तर तो जिथे लोंबायला हवा तिथे लोंबत नाही. उत्तरेकडे जरासा सरकतो. जरासा म्हणजे सात-साडेसात मायक्रॉन. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्याचा दहावा हिस्सा. गवंड्याला तो दिसणार नाही, इंजिनिअरलाही नाही. घर बांधा, देऊळ बांधा, धरण बांधा, काही बिघडत नाही.

नकाशा काढायचा झाला तर मात्र हेच साडेसात मायक्रॉन जमिनीवर पंचेचाळीस मीटरांच्या पुढे जातात. ओळंब्याला बाजूला ओढतो तो उत्तरेचा गाविलगडचा डोंगर, ज्याच्या माथ्यावर चिखलदरा आहे.

दोनशे वर्षांपूर्वी या ओढीशी गाठ पडलेली माणसं पर्यटक नव्हती. विल्यम लॅम्बटन हा इंग्रजांच्या ३३व्या पलटणीतला अधिकारी, आणि त्या पलटणीचा कर्नल होता आर्थर वेलस्ली. त्याच वेलस्लीच्या फौजेने १५ डिसेंबर १८०३ रोजी गाविलगड घेतला. पलटण एक, पण वाटा किती वेगळ्या. वेलस्ली डोंगराला तोफा लावायला आला. लॅम्बटनने त्याआधीच, १० एप्रिल १८०२ रोजी, मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंटपाशी शंभर फुटी पोलादी साखळी जमिनीवर अंथरली होती. साडेसात मैलांची ती एक पायारेषा मोजायला ५७ दिवस लागले. दर शंभर फुटांना साखळी उचलायची, लाकडी पेट्यांत ठेवायची, वर तंबूची सावली धरायची आणि तापमान लिहून घ्यायचं. सावलीची काळजी का, ते वऱ्हाडातल्या माणसाला वेगळं सांगायला नको, पण आकडा पाहण्यासारखा आहे. दहा अंश सेल्सिअसने ऊन वाढलं की तीस मीटरची पोलादी साखळी साडेतीन मिलिमीटरच्या वर वाढते. दहा किलोमीटरच्या रेषेत ही चूक सव्वा मीटरच्या घरात जाते. त्या रेषेवर पुढे नकाशासाठी शेकडो मैलांचे त्रिकोण रचायचे होते, म्हणून पायाच लांबला तर सगळीच इमारत लांबणार.

त्रिकोणांची ही रांग कन्याकुमारीजवळून निघाली आणि ७७-७८ रेखांशाच्या आसपास उत्तरेला चढत राहिली. कोन मोजायला अर्ध्या टनाचा थिओडोलाइट होता, तो देवळांच्या गोपुरांवर आणि डोंगरांच्या शेंड्यांवर चढवायचा. १८०८ मध्ये तंजावरला चढवताना तो आपटला आणि लॅम्बटनने तो स्वतः हातोडीने ठोकून सरळ केला. पलटणीतल्या माणसाच्या अंगी इतका धीर असतो, याचं मला अजून नवल वाटतं. हयातीच्या शेवटच्या काळात त्याचं काम वऱ्हाडात आलं. अचलपूरच्या खोऱ्यात, २१ अंश ६ कला अक्षांशाच्या जवळ, टाकरखेडा नावाच्या ठाण्याशी त्याने आणखी एक पायारेषा मोजली. कन्याकुमारीपासून तिथवर सरळ अंतर चौदाशे किलोमीटरच्या वर भरतं. पुढे नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला तो वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्याच १८२३ साली हैदराबाद पलटणीचा कॅप्टन रॉबिन्सन चिखलदऱ्याच्या पठारावर पोचला आणि साहेबांना थंड हवेची जागा सापडली. कोरकू लोकांना ती कधी हरवलीच नव्हती, हा भाग वेगळा.

लॅम्बटनच्या मागून जॉर्ज एव्हरेस्ट आला. ज्या शिखराला त्याचं नाव मिळालं त्याच्या उंचीशी त्याचा संबंध नव्हता. ती उंची तो निवृत्त झाल्यावर, गणिती राधानाथ सिकदरांच्या हिशेबातून निघाली. पण टाकरखेड्याच्या उत्तरेच्या डोंगरांशी त्याचा संबंध आला, आणि चांगलाच आला. १८३० साली छापलेल्या त्याच्या पुस्तकात त्या डोंगरांच्या ओढीचा हिशेब आहे. कारण साधं होतं. ठाण्याचा अक्षांश ताऱ्यांवरून काढायचा, म्हणजे तारा डोक्यावरच्या बिंदूपासून किती कलला ते मोजायचं. डोक्यावरचा बिंदू ठरवतो ओळंबा. ओळंब्याचं टोक उत्तरेला सरकलं की डोक्यावरचा बिंदू दक्षिणेला झुकतो, आणि आकाशावरून मोजलेलं गाव नकाशावर दक्षिणेला घसरतं. तारा खोटं बोलत नाही आणि दुर्बीणही नाही. खोटं बोलतो तो ओळंबा, आणि सगळं जग त्याच्यावर भरवसा ठेवून असतं.

आता डोंगराचं वजन करू. प्रत्यक्षात हा प्रदेश ओबडधोबड आहे, दऱ्या आहेत, सिपना आणि खापरा यांसारख्या नद्यांनी तो चिरलेला आहे. पण हिशेबासाठी एक चौकोनी ठोकळा कल्पू या. पूर्व-पश्चिम १०० किलोमीटर, दक्षिण-उत्तर २५ किलोमीटर, आणि खालच्या मैदानापासून सरासरी उंची ४०० मीटर. चिखलदऱ्याची उंची १११८ मीटर आणि वैराटची त्याहून जास्त, म्हणजे मैदानापासून सातशे-आठशे मीटर. दऱ्याखोऱ्या वजा करून सरासरी चारशे धरायला हरकत नसावी. घनफळ झालं एक हजार घनकिलोमीटर. दगड सगळा काळा बेसाल्ट, घनमीटरला २.९ टन. एकूण भरतं २.९ लाख कोटी टन.

लाख कोटी म्हटल्यावर डोकं सुन्न होतं, म्हणून हा दगड ट्रकमध्ये भरून पाहू. दहा टनी ट्रक लागतील एकोणतीस हजार कोटी. दर सेकंदाला एक ट्रक भरून रवाना करायचा, रात्र नाही, दिवाळी नाही, संप नाही, तर डोंगर हलवायला नऊ हजार वर्षांच्या वर लागतील. मोहेंजोदडो वसण्याच्या कितीतरी आधी पहिला ट्रक सुटला असता आणि शेवटचा अजून सुटायचाच असता. एकेक ट्रक दहा मीटर लांब धरला आणि सगळे एकामागे एक उभे केले, तर रांग होते २९० कोटी किलोमीटर. सूर्यापासून युरेनसचं सरासरी अंतर २८७ कोटी. सूर्यावरून निघालेली रांग युरेनसच्या पुढे गेली, आणि हा सगळा फक्त चिखलदऱ्याभोवतीचा मुलूख.

दख्खनच्या लाव्ह्यापुढे हाही किरकोळच. सहा कोटी साठ लाख वर्षांमागे हा लाव्हा वाहत होता. आज तो सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर शिल्लक आहे, आणि मूळचं घनफळ दहा लाख घनकिलोमीटरच्या घरात असावं असा अंदाज केला जातो. म्हणजे आपल्या ठोकळ्यासारखे एक हजार ठोकळे.

एवढ्या संख्या बोलायला भास्कराचार्यांनी सोय करून ठेवली आहे. ११५०च्या सुमाराच्या लीलावतीत एकापासून दहा-दहा पटीने वर जाणारी अठरा नावं आहेत. कोटी हे त्यांतलं आठवं. त्यानंतर अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्यं. या नावांत सांगायचं तर आपल्या डोंगराचं वजन २.९ अंत्य किलो. परार्धाला पोचायला असे साडेचौतीस डोंगर लागतील. सगळी पृथ्वी तोलली तर ती सहा कोटी परार्ध किलोंच्या जवळ जाते. भास्कराचार्यांची यादी संपते, पृथ्वी संपत नाही. पृथ्वी भागिले गाविलगड केलं तर उत्तर येतं दोनशे कोटींच्या थोडं वर.

इथे एक गाठ सोडवायची राहते. पृथ्वी डोंगराच्या दोनशे कोटी पट जड असेल, तर ओळंब्याने डोंगराकडे बघायचंसुद्धा कारण नाही. दोनशे कोटींत एक म्हणजे जवळपास शून्य. पण ओढ अंतराच्या वर्गाने घटते. पृथ्वीचा मध्य टाकरखेड्यापासून ६३७१ किलोमीटर खाली, आणि डोंगराचा मध्य चाळीस-बेचाळीस किलोमीटरवर. या अंतरांच्या भागाकाराचा वर्ग बावीस हजारांच्या पुढे जातो. त्याने दोनशे कोटींना भागलं की उरतात नव्वद हजार. डोंगर एका बिंदूत गोळा झालेला नाही, शंभर किलोमीटर पसरला आहे, आणि त्याच्या पूर्वेच्या व पश्चिमेच्या टोकांची ओढ एकमेकांना काही अंशी छेद देते. ते कलनाने नीट जमेला धरलं तर पृथ्वीच्या ओढीच्या तुलनेत डोंगराची बाजूची ओढ उरते एक लाख पस्तीस हजारांत एक. कोन होतो दीड विकला. विकला म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग. जमिनीवर एक विकला ३१ मीटरांना जरा कमी पडते, म्हणून दीड विकलेचे शेहेचाळीस मीटर. हा माझ्या ठोकळ्याचा हिशेब. मागच्या सातपुड्याच्या रांगा धरल्या की आकडा वाढणार.

दीड विकला तेव्हा मोजता येत होती का? लॅम्बटनजवळ रॅम्सडेनने बनवलेलं पाच फूट त्रिज्येचं एक यंत्र होतं, डोक्यावरून जाणाऱ्या ताऱ्यांचे कोन घेणारं. पाच फूट त्रिज्येच्या कडेवर एक विकला म्हणजे पुन्हा साडेसात मायक्रॉन. सूक्ष्म आट्यांचा स्क्रू फिरवून, पुष्कळ तारे अनेक रात्री बघून, सरासरी घेऊन ही माणसं त्या पातळीला भिडत होती. तंबूत, दिव्यांच्या उजेडात, हिवतापाने फणफणत. झेंडे धरून डोंगरमाथ्यांवर बसलेल्या देशी माणसांची नावं मात्र कुठल्या विकलेतही सापडत नाहीत.

डोंगर ओळंब्याला ओढतो ही कल्पना एव्हरेस्टची नव्हे. फ्रेंच बुगेरने १७३८ मध्ये चिंबोराझो पर्वतापाशी प्रयत्न केला होता. १७७४ मध्ये मॅस्केलिनने स्कॉटलंडच्या शिहॅलियन डोंगराच्या दोन्ही बाजूंना ओळंबे सोडले. दोन्हींतला मिळून फरक निघाला साडेअकरा विकलांच्या जवळ. त्यावरून चार्ल्स हटनने पृथ्वीची घनता काढायला घेतली, आणि डोंगराचा आकार कागदावर आणताना समान उंचीच्या रेषा ओढल्या. आज ट्रेकिंगच्या नकाशावर चिखलदऱ्याभोवती दाटलेल्या ज्या तपकिरी रेषा दिसतात त्यांचं एक मूळ तिथे आहे. हटनचं उत्तर आलं पाण्याच्या साडेचार पट. खरं आहे साडेपाच. डोंगर तोलून पृथ्वी तोलणं, आणि तेही अठराव्या शतकात, इतकं जवळ येणं मला आजही धाडसाचं वाटतं.

एव्हरेस्टने १८४७ मध्ये त्रिकोणांच्या त्या रांगेचं, म्हणजे रेखांशावरच्या आपल्या कमानीचं, दुसरं पुस्तक काढलं. त्याच्या लांबलचक शीर्षकात तीन अक्षांश छापले आहेत: १८ अंश ३ कला, २४ अंश ७ कला आणि २९ अंश ३० कला. पहिला दमरगिड्याचा, दुसरा सिरोंजजवळच्या कल्याणपूरचा, तिसरा मुझफ्फरनगरजवळच्या कलियानाचा. टाकरखेड्याच्या २१चा तिथे पत्ता नाही. डोंगराच्या छायेतला आकडा कमानीच्या टोकाला बांधण्यात धोका होताच.

पण गाविलगड टाळून हिमालय टळत नाही. कल्याणपूर आणि कलियाना यांतलं अंतर त्रिकोणांवरून एक येत होतं आणि ताऱ्यांवरून दुसरं. फरक ५.२३६ विकला, म्हणजे जमिनीवर सुमारे एकशे साठ मीटर. कोलकात्यात जॉन हेन्री प्रॅट नावाचा पाद्री होता, केंब्रिजचा गणिती. त्याने हिमालय आणि तिबेटचं पठार तुकड्यातुकड्यांनी जोखून त्यांची ओढ काढली. १८५५ मध्ये त्याचं उत्तर छापलं: फरक पाचचा नव्हे, १५.८८५ विकलांचा पडायला हवा होता. चूक तिप्पट असायला हवी आणि ती तिसऱ्या हिश्शाइतकीच भरते. जगातला सगळ्यांत मोठा पर्वत दिसतो तेवढा ओढत नाही.

उत्तर त्याच वर्षी जॉर्ज एअरीने दिलं. पृथ्वीचं कवच खालच्या जड थरावर पाण्यातल्या ओंडक्यांसारखं तरंगतं. जो ओंडका जास्त वर येतो तो जास्त खोलही बुडालेला असतो. हिमालयाखाली हलक्या खडकाची मुळं आहेत आणि ती वरच्या वजनाची ओढ बरीचशी फेडून टाकतात. प्रॅटने पुढे वेगळं उत्तर मांडलं: मुळं नाहीत, पण उंच भागाखालचा खडकच हलका. दोन्ही उत्तरं त्याच आकड्याला बसतात, आणि मला वाटतं या गोष्टीतली सगळ्यांत चक्रावणारी संख्या इथे आहे. ती ना कोटी, ना परार्ध. ती अनंत आहे.

न्यूटनने दाखवून ठेवलं होतं की मध्यापासून सगळ्या दिशांना एकसारखा असलेला गोल बाहेरच्या वस्तूला नेमका तसाच ओढतो, जसं त्याचं सगळं वजन मध्यबिंदूत असावं. म्हणजे भरीव गोल, पोकळ गोल, बाहेर जड आत हलका, आत जड बाहेर हलका, एकूण वजन तेवढंच असलं की बाहेरच्या ओळंब्याला सगळे सारखे. हेच गणित पुढे गोलाच्या पलीकडे नेलं तर निष्कर्ष असा निघतो: बाहेर सगळीकडे ओढ मोजली, कितीही बारकाईने मोजली, तरी आत वस्तुमान कसं मांडलं आहे ते एकमेव ठरत नाही. एकाच ओढीमागे अगणित पृथ्व्या बसतात. डोंगरावरून ओळंब्याकडे जाणारी वाट एक, ओळंब्याकडून डोंगराकडे परतणाऱ्या वाटा अनंत. त्यांतली खरी कुठली ते सांगायला भूगर्भशास्त्र लागतं, भूकंपाच्या लाटा लागतात, बोअरवेल लागते.

बोअरवेलची आठवण उगाच काढली नाही. टाकरखेड्याच्या गणितात माझा ठोकळा अपुरा आहे, कारण गाविलगडच्या पायथ्याशी जमीन भ्रंशरेषेवर खचली आहे आणि पूर्णेने त्या खड्ड्यात शेकडो मीटर गाळ भरला आहे. अकोला-अमरावतीकरांना हा गाळ खारपाणपट्टा म्हणून चांगला ठाऊक आहे, पाणी काढलं की खारट. गाळ बेसाल्टपेक्षा पुष्कळ हलका. म्हणजे उत्तरेला जड दगड उंच उभा आणि पायाखाली हलका गाळ. खड्ड्याच्या कडेकडेला ओळंब्यावर याचाही हिशेब चढतो. एव्हरेस्टच्या काळी हा खड्डा कोणाला दिसत नव्हता. वर कापूस आणि ज्वारी डोलत होती.

त्रिकोणांच्या त्या कमानीतून पृथ्वीचा जो आकार एव्हरेस्टने काढला तो कागदावरच राहिला नाही. विषुववृत्ताशी त्रिज्या ६३,७७,२७६ मीटर, आणि ध्रुवांशी तीनशे एकाव्या हिश्शाने चपटी, अशी ती पृथ्वी. भारतीय सर्वेक्षण विभागाचे टोपोशीट दीडशेहून जास्त वर्षं याच पृथ्वीवर छापले गेले. आज उपग्रहांची पृथ्वी ६३,७८,१३७ मीटरची आहे. फरक ८६१ मीटर. ६३७८ किलोमीटरमध्ये एवढाच, आणि तो पायी मोजणाऱ्यांचा. २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर आपले सार्वजनिक नकाशे नव्या पृथ्वीवर आले.

नवी पृथ्वीही गुळगुळीत नाही. समुद्रसपाटीचा पृष्ठभाग आतल्या वस्तुमानाप्रमाणे वरखाली होतो, आणि श्रीलंकेच्या दक्षिणेला तो आदर्श आकाराच्या १०६ मीटर खाली गेला आहे. भारत त्याच उताराच्या अंगावर बसला आहे. उपग्रहाने दिलेली कच्ची उंची चिखलदऱ्यात पाहिली तर ती १११८पेक्षा पन्नास मीटरांहून जास्त कमी दिसेल. फोन ती दुरुस्ती गुपचूप करून दाखवतो. दुरुस्ती येते एका प्रचंड सूत्रातून. १७८०च्या दशकात लजांद्र आणि लाप्लास लंबगोलांच्या ओढीवर काम करत होते, तेव्हा लजांद्रच्या बहुपदी जन्मल्या. त्या बहुपदींच्या बेरजेने आज पृथ्वीची ओढ लिहितात. २००८च्या एका प्रसिद्ध प्रतिमानात ही बेरीज २१५९व्या घातापर्यंत पूर्ण नेली आहे, म्हणजे २१६०चा वर्ग, ४६ लाखांहून जास्त सहगुणक. लॅम्बटनच्या साखळीच्या जागी ४६ लाख आकडे, आणि गाविलगड त्यांत कुठेतरी विरघळलेला.

२००२ मध्ये ग्रेस नावाचे दोन उपग्रह एकामागे एक सोडले. दोघांत अंतर सुमारे २२० किलोमीटर. पुढचा उपग्रह जड प्रदेशावर आला की ओढला जाऊन थोडा पुढे सरकतो, मग मागचा सरकतो. त्यांच्यातल्या अंतरातला मायक्रॉनभर फरक ते टिपत. उत्तर भारताच्या जमिनीतलं पाणी किती उपसलं गेलं ते त्यांनी आकाशातून तोललं. मायक्रॉन तेच, जे रॅम्सडेनच्या स्क्रूवर होते. २०१८ पासून त्यांची पुढची जोडी फिरते आहे. पण तिची नजर शेकडो किलोमीटरच्या खाली उतरत नाही, एकटा चिखलदरा तिला वेगळा दिसत नाही.

त्यासाठी परतवाड्याहून घाट चढावा लागतो, ओढ मोजणारा ग्रॅव्हिमीटर घेऊन. मैदानातून चिखलदऱ्यापर्यंत साडेसातशे मीटर चढलात की पृथ्वीच्या मध्यापासून लांब गेल्याने सत्तर किलोचा माणूस सोळा ग्रॅमने हलका व्हायला हवा. पायाखालचा डोंगर त्यातले सहा ग्रॅम परत करतो. निव्वळ घट दहा ग्रॅम, वाटेत घेतलेल्या चहाने भरून निघेल इतकी. पावसाळ्यात आणखी एक हिशेब मांडता येतो. चिखलदऱ्याचा पाऊस वर्षाला दीड मीटर धरला आणि घटकाभर असं मानलं की तो सगळाच डोंगरात मुरून राहिला, तर आपल्या ठोकळ्यावर पावणेचारशे कोटी टन पाणी चढतं. डोंगराच्या वजनाच्या सुमारे पावणेआठशेवा भाग. टाकरखेड्याच्या ओळंब्याला तो एका मायक्रॉनच्या शंभराव्या हिश्शाने उत्तरेला ओढेल. तिथे कोणतंच यंत्र त्याला पकडणार नाही. माथ्यावर मात्र त्या पाण्याची खाली ओढ साठ मायक्रोगॅलच्या (ओढ मोजायचं बारीक एकक) वर भरते, आणि एका हाताने उचलता येणारा आजचा ग्रॅव्हिमीटर पाच-दहा मायक्रोगॅलसुद्धा ओळखतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात एक वाचन घ्यायचं आणि त्याच दगडावर ऑक्टोबरमध्ये दुसरं, म्हणजे किती पाऊस मुरला आणि किती नद्यांनी तापीला नेऊन घातला, याचा अंदाज लावता येतो.